खाण कुणाची ते सोडा, वाटेवर कोण उभंय ते बगा

आमचा एक चुलतभाऊ फौजेत आहे, दादा म्हणतो मी त्याला. काही वर्षांखाली त्याची ड्युटी यूएनच्या शांतिसेनेत लागली होती, पार आफ्रिकेत, काँगो देशातल्या गोमा शहराकडं. सुट्टीवर आला तेव्हा एक दिवस आम्ही दोघं गंगेच्या काठावर बसलो होतो (आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात). खाली पात्रात ट्रॅक्टर उतरलेले, पोरं फावड्यानं वाळू भरायलेली. दादा लई वेळ गप बसून बगत होता आणि मग म्हणला, "तिकडंबी हेच चालतंय. ट्रॅक्टरच्या जागी माणसाची पाठ आहे आणि काठावर पैसे घ्यायला जो उभा असतो त्याच्या खांद्याला बंदूक आहे, एवढाच फरक."

ते बोलणं डोक्यातून गेलंच नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेलो आणि जे कळलं ते सोप्या भाषेत मांडायचा हा प्रयत्न आहे. प्रश्न साधाच आहे. ज्या देशाच्या जमिनीत हिरे, सोनं, तांबं, कोबाल्ट असं काय काय भरलंय तिथलीच माणसं एवढी गरीब कामून, आणि तिथंच वर्षानुवर्ष गोळ्या कामून चालायलेत? लोक पटकन म्हणतात लोभ, दुसरं काय. पण लोभ तर सगळीकडंच आहे की. बोत्सवानातबी ढिगानं हिरे आहेत, तिथं कधी यादवी झाली नाही. म्हणजे नुसत्या लोभानं हे कोडं सुटत नाही.

आधी वाळूचंच घेऊ, ते आपल्या डोळ्यासमोरचं आहे. सोयाबीन काढायचं तर बियाणं, खत, फवारणी, खुरपणी आणि वरून वेळेवर पाऊस, आणि एवढं सगळं करून मोंढ्यात नेलं की भाव पडलेला. वाळूला यातलं काहीच लागत नाही, ती नदीनं आणून टाकलेली आहे, फावडं आणि ट्रॅक्टर असलं की रात्रीतून पैसा. मग होतं काय, की ज्याच्या हातात पात्रात उतरायची वाट आहे तो मोठा होतो. तो स्वतः एक घमेलं उचलत नाही, नुसतं गाडीमागं पैसे घेतो. त्या पैशातून पोरं पाळतो, मग दुसरा गट उभा राहतो, मग डोकी फुटतात. कारवाईला गेलेल्या तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. आमच्या गावात एकमेकांच्या लग्नात पंगती वाढणारी दोन घरं आज बोलत नाहीत आणि कारण एवढंच, की नदीत उतरायचा रस्ता कुणाच्या शेतातून जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आणि हे पोलीस ठाणं, तहसील, कोर्ट सगळं जाग्यावर असताना. आता असं समजा की वाळूच्या जागी अशी वस्तू आहे की तिची एक मूठ अख्ख्या हायवापेक्षा महाग आहे, आणि राजधानी तिथून दीड हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि मधात सलग पक्का रस्तासुद्धा नाही. किन्शासा ते गोमा हे असंच आहे. तिथं तलाठी कोण पाठवणार आणि पाठवला तर तो कुणाचं ऐकणार?

यातला पहिला धागा म्हणजे माल कसला आहे. जमिनीतली प्रत्येक गोष्ट सारखी लुटता येत नाही. सिएरा लिओन म्हणून पश्चिम आफ्रिकेत देश आहे, आकारानं आपल्या मराठवाड्याहून थोडासाच मोठा. तिथल्या कोनो भागात हिरे नदीच्या गाळात, वरच्या थरात सापडतात. फावडं, चाळणी आणि पाणी, बास. १९९१ च्या मार्चमधे लायबेरियाच्या बाजूनं आरयूएफ नावाचे बंडखोर घुसले, हिऱ्यांचा भाग ताब्यात घेतला, लोकांना धरून खोदायला लावलं आणि ते हिरे लायबेरियातून बाहेर जाऊन त्याच्या बदल्यात हत्यारं आत येऊ लागली. गावच्या गाव पळून जावं म्हणून माणसांचे हात तोडले, लेकरांना पळवून त्यांच्या हातात बंदुका दिल्या. २००२ च्या जानेवारीत लढाई थांबली तोवर साधारण ५० हजार माणसं गेली होती. बंडखोरांना मदत करणारा लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला २०१२ साली सिएरा लिओनसाठी नेमलेल्या खास कोर्टानं ५० वर्षांची शिक्षा दिली, आणि त्या निकालात हिऱ्यांच्या बदल्यात हत्यारं हा विषय होता.

अंगोलात तर दोन्ही बाजूंना वेगवेगळी खाण होती. सरकारकडं समुद्रातलं तेल, आणि सावीम्बी या बंडखोर पुढाऱ्याच्या युनिटा संघटनेकडं ईशान्येकडचे हिरे. शीतयुद्ध चालू होतं तोवर सावीम्बीला अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेकडून मदत यायची. ती आटली तेव्हा माणसाला वाटंल की आता लढाई संपणार, पण हिरे होते ना. १९९० च्या दशकात युनिटानं हिऱ्यातून तीन अब्ज डॉलरच्या वर कमावले असा अंदाज आहे. बाहेरचा पैसा बंद झाला तरी आतल्या खाणीनं लढाई चालू ठेवली, आणि ती संपली २००२ च्या फेब्रुवारीत सावीम्बी मारला गेल्यावरच. समुद्रातलं तेल फावड्यानं काढता येत नाही, त्याला कंपनी लागते, सही लागते, म्हणून तेलाचा पैसा राजधानीत बसलेल्याला जातो. गाळातला हिरा मात्र ज्याच्या हातात बंदूक आहे त्याचा.

आता काँगो. इथं जरा थांबून बगावं लागंल, कारण इथंच सगळं उलगडतं.

कोल्टन नावाचा एक काळा, जड खनिज दगड आहे. त्यातून टँटलम नावाचा धातू निघतो, आणि त्या धातूपासून मोबाईल, लॅपटॉपमधे बसणारे बारीक कपॅसिटर बनतात, जे वीज साठवून ठेवतात आणि उष्णतेतबी टिकतात. गोम्याच्या पश्चिमेला मासिसी भागात रुबाया म्हणून गाव आहे, तिथल्या डोंगरातून जगातल्या कोल्टनचा साधारण १५ टक्के माल निघतो असं धरतात. तिथं मोठ्या मशीन नाहीत. टिकाव, फावडं, बोगदा आणि माणूस.

मालाचा प्रवास आपल्या शेतमालासारखाच आहे म्हणून समजायला सोपा जाईल. खोदणारा खाणीवरच छोट्या व्यापाऱ्याला विकतो, जसं आपल्याकडं खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन येतो. तो व्यापारी पोती भरून गोम्याच्या मोठ्या व्यापाऱ्याकडं नेतो, हा आपला आडत्या समजा. तिथून माल देशाबाहेर, मग कुठल्यातरी दूरच्या भट्टीत वितळतो, मग कपॅसिटर, मग फोन. यात बंदूकवाला कुठं बसतो? लोकांना वाटतं तो खाणीवर मालक होऊन बसलाय. कधी बसतोबी, पण बऱ्याचदा तो वाटेवर असतो. बांबू आडवा टाकायचा, दोन माणसं उभी करायची, की नाका तयार. २०१७ ला बेल्जियमच्या एका संशोधन संस्थेनं उत्तर आणि दक्षिण किवू या दोन प्रांतांतले असे नाके मोजले, ते जवळपास ८०० भरले. त्यातले कित्येक बंडखोरांचे, आणि कित्येक खुद्द सरकारी फौजेचे.

हे वाचताना मला आमच्या आजोबाच्या तोंडचे करोडगिरी नाके आठवले. निजामाच्या राज्यात माल हद्दीबाहेर न्यायचा म्हणलं की करोडगिरी भरावी लागायची, आणि १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात आपल्या पोरांनी ते नाके जाळले. कामून नाकेच जाळले? कारण राज्य कचेरीत बसलेलं असलं तरी माणसाला ते भेटतं नाक्यावर. काँगोत नाका हेच राज्य आहे, फक्त ते राज्य दर दहा-वीस किलोमीटरला बदलतं.

२०२४ साली एम-२३ नावाच्या बंडखोर गटानं रुबाया ताब्यात घेतलं. त्यांनी काय केलं, तर चक्क कारभार सुरू केला, खोदणाऱ्याला परवाना, व्यापाऱ्यावर कर, मालाच्या वाहतुकीवर कर. यूएनच्या तज्ज्ञांच्या हिशोबानं या करातून त्यांना महिन्याला ८ लाख डॉलर मिळत होते, आपल्या पैशात पावणेसात-सात कोटी. दर महिन्याला. एवढ्यात किती पोरांचा पगार आणि किती गोळ्या येतात ते कुणीबी धरावं. माल शेजारच्या रवांडात जाऊन तिथल्या मालात मिसळतो, आणि रवांडाच्या फौजेचे ३ ते ४ हजार सैनिक एम-२३ सोबत काँगोत होते असंबी यूएनच्याच २०२४ च्या अहवालात आलंय. रवांडा हे मान्य करत नाही. २०२५ च्या जानेवारीत एम-२३ नं गोमाच घेतलं आणि फेब्रुवारीत बुकावू, दक्षिण किवूचं मुख्य शहर. दादा ज्या गोम्यात गस्त घालायचा ते शहर पडल्याचं टीव्हीवर बगितलं तेव्हा तो त्या रात्री जेवला नाही.

एक अभ्यास मला लई महत्त्वाचा वाटतो. २००० साली कोल्टनचा भाव एकदम अनेक पटीनं चढला. एका अर्थशास्त्रज्ञानं पूर्व काँगोतल्या गावागावांत माणसं पाठवून जुना हिशोब गोळा केला, की भाव चढल्यावर बंदूकवाल्यांनी काय केलं. तर कोल्टनच्या गावात त्यांनी तळ ठोकला आणि खाणीवर कर बसवला, कारण कोल्टन जड असतं, पोत्यात दिसतं, लपवता येत नाही. सोन्याचा भाव चढला तेव्हा सोन्याच्या गावात त्यांना असं करता आलं नाही, सोनं तर माणूस गाठीला बांधून निघून जातो, मग त्यांनी काय केलं तर सोनं खोदणारे जिथं राहतात त्या गावातल्या घराघरावर कर बसवला. म्हणजे लुटणारा डोकं वापरतो. माल कसा आहे ते बगून तो खाणीवर बसायचं, वाटेवर बसायचं का दारात येऊन बसायचं ते ठरवतो.

पण सगळं खनिजावर ढकललं तर ते खोटं होईल. पूर्व काँगोची भांडणं खनिजाच्याबी आधीची आहेत, जमिनीची, कोण इथला आणि कोण उपरा याची. १९९४ ला रवांडात १०० दिवसांत साधारण ८ लाख माणसं कापली गेली, मग लाखो निर्वासित गोम्याच्या आसपास येऊन पडले आणि त्यांच्यातच कत्तल करणारेबी लपून आले. त्यांच्या मागं रवांडाची फौज आली. १९९६ ला एक युद्ध, १९९८ ला दुसरं, त्यात तर शेजारपाजारचे कितीतरी देश उतरले. सुरुवातीला कारण सुरक्षेचं होतं. पण आत शिरल्यावर खाणी दिसल्या. रवांडा आणि युगांडा एका बाजूनं लढायला आलेले दोस्त, ते २००० च्या जूनमधे किसांगानी या हिऱ्याच्या बाजारपेठेच्या शहरात एकमेकांवरच तोफा डागायले, परक्या देशातल्या शहरात, सहा दिवस, आणि मेली तिथली माणसं. २०२२ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं युगांडाला ३२.५ कोटी डॉलर भरपाई द्यायला लावली, त्यातले ६ कोटी डॉलर नुसते नैसर्गिक संपत्तीच्या नुकसानीपोटी. लढाई कशानं पेटली आणि कशावर टिकली या दोन गोष्टी वेगळ्या करून बगाव्या लागतात. काडी दुसऱ्या कशाचीबी असू शकते, सरपण खनिजाचं असतं.

दुसरा धागा राज्याचा. आपण सरकारला शिव्या देतो पण सरकारला आपला कर लागतो, आपलं मत लागतं, म्हणून निदान विचारायची सोय आहे. ज्या राजाचा खर्च खाणीतून भागतो त्याला प्रजा कशाला पाहिजे? काँगोचं दुखणं इथून सुरू होतं. १८८५ ते १९०८ पर्यंत हा अख्खा देश बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाची खासगी मालमत्ता होता, आणि रबरासाठी तिथल्या लोकांवर जे अत्याचार झाले ते वाचवत नाहीत. १९६० च्या ३० जूनला देश स्वतंत्र झाला आणि दोन आठवडे होत नाहीत तोवर तांब्यानं भरलेला काटांगा प्रांत बेल्जियमच्या खाण कंपनीच्या जोरावर वेगळा निघाला. पहिला पंतप्रधान लुमुंबा, त्याला १९६१ च्या जानेवारीत त्याच काटांगात नेऊन मारलं. तिथं शांतिसेनेत आपलीबी फौज होती, कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना १९६१ च्या डिसेंबरात तिथंच वीरमरण आलं आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. म्हणजे दादाच्या आधी ६० वर्षांपासून आपले जवान त्या मातीत उभे राहायलेत. पुढं १९६५ ते १९९७ हुकूमशहा मोबुटूचं राज्य, खाणीचा पैसा वरच्या वर जायचा, रस्ते गेले, शाळा गेल्या, शिपायाला पगार नाही. १९९१ ला आणि १९९३ ला पगारावरून चिडलेल्या सैनिकांनीच राजधानी लुटली. ज्या शिपायाच्या घरी चूल पेटत नाही तो नाका टाकणारच.

बोत्सवाना इथंच वेगळा पडतो. १९६६ ला तो देश स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांपैकी होता. १९६७ ला ओरापाला हिरे सापडले, आणि ते सापडले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलखात. त्यांना म्हणता आलं असतं की हे आमच्या जमातीचं. पण जमिनीखालचं सगळं देशाचं असा कायदा त्यांनी केला, मग कंपनीशी बोलणी करत करत सरकारचा वाटा निम्म्यावर नेला, आणि पैसा शाळा, दवाखाने, रस्त्यात घातला. नशिबाचाबी भाग आहे हे मान्य करायला पाहिजे, कारण तिथले हिरे मुख्यतः खोल खडकात आहेत, फावड्यानं निघत नाहीत. पण कायदा आधी आला आणि पैसा मागून, हे नशीब नाही, ती माणसाची करणी आहे.

मग जगानं यावर काय केलं? हिऱ्यासाठी २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया आहे, कच्च्या हिऱ्याच्या पेटीला सर्टिफिकेट लागतं की हा लढाईचा माल नाही. त्याचा उपयोग झाला. पण त्यातली व्याख्या अशी आहे की बंडखोर सरकारविरुद्ध लढायला जो हिरा वापरतात तोच वाईट. झिंबाब्वेत मारांगेच्या हिऱ्यांसाठी २००८ ला सरकारी फौजेनंच माणसं मारली, ते या व्याख्येत बसत नाही. पोती मोजून त्याला टॅग लावायची योजनाबी काँगोत आली, पण टॅगच विकले जाऊ लागले की लढाईच्या खाणीतला माल चांगल्या खाणीचा टॅग लावून निघतो, आपल्याकडं एकाच पावतीवर वाळूच्या चार खेपा निघतात तसं. २०१० ला अमेरिकेनं कायदा केला की कंपन्यांनी टँटलम, कथील, टंगस्टन आणि सोनं कुठून येतं ते सांगावं. त्याच सुमारास काँगोच्या राष्ट्राध्यक्षानं पूर्वेकडच्या तीन प्रांतांत हातानं खोदायचं कामच सहा महिने बंद केलं. हेतू चांगला असंल, पण त्यावर पोट असलेल्या लाखो माणसांनी खायचं काय? कित्येक पोरांपुढं मग तोच बंदूकवाला एकटा मालक उरला जो जेवण देतो. मला तरी वाटतं की खोदणाऱ्याला गुन्हेगार धरणारा कुठलाच उपाय टिकत नाही. तो आपल्या रोजगारी माणसासारखाच आहे, मोल कमी, कष्ट जास्त.

आणि सोन्याला तर टॅगबी लागत नाही. सुदानमधे १५ एप्रिल २०२३ पासून फौज आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल यांच्यात जे युद्ध पेटलंय, त्यातल्या आरएसएफच्या म्होरक्या हेमेदतीनं आपली ताकद आधी दारफुरच्या जेबेल आमीर या सोन्याच्या डोंगरावर वाढवली. सुदानचं बहुतेक सोनं दुबईकडं जातं. एकदा वितळलं की कुठल्या डोंगराचं, कुणाच्या रक्ताचं, काही ओळखू येत नाही. आपल्या घरात लग्नाला पाच तोळे घ्यायचे म्हणून सोयाबीन विकून माणूस सराफाकडं जातो, त्याला यातलं काही माहीत नसतं आणि त्याचा दोषबी नाही. पण मागची साखळी तीच आहे.

२०२५ च्या जूनमधे काँगो आणि रवांडानं वॉशिंग्टनमधे शांतता करार केला, त्यात खनिजांच्या व्यवहाराचीबी कलमं आहेत. एम-२३ त्या करारात नव्हता. मी दादाला विचारलं, तुला काय वाटतं, थांबंल का आता. तो काही बोलला नाही, मोबाईलमधला एक जुना फोटो काढून दाखवला. गोम्याकडं चुकुडू म्हणून लाकडाची दोन चाकी गाडी असते, तिला ढकलत माल नेतात. फोटोत चौदा-पंधरा वर्षांचं एक लेकरू चुकुडूवर सात-आठ पोती लादून चढाला लागलंय, खाली ज्वालामुखीची काळी जमीन, अगदी आपल्या रानासारखी. मी विचारलं, पोत्यात कोल्टन आहे का?

"नाही रे," दादा म्हणला, "कोळसा असंल नायतर बटाटे. पुढच्या वळणावर नाका होता. तिथं बटाट्यालाबी पैसे लागायचे."